रजा न मिळणारं दुःख

मंगळवार, रात्री उशिरा

घरातलं माणूस गेलं की कामावरून रजा मिळते. लोक येऊन बसतात. कोणी बोलतं, कोणी नुसतंच बसून राहतं, पण ‘त्यात काय एवढं रडायचं’ असं तोंडावर तरी कोणी म्हणत नाही. देशाची अवस्था बघून जीव तुटायला लागला तर मात्र सकाळी नेहमीच्या वेळेला उठायचं, आवरायचं आणि कामाला लागायचं. डोळे का सुजलेत असं कोणी विचारलंच तर झोप झाली नाही म्हणून सांगायचं. खरं कारण सांगण्याची सोय नाही. समोरचा आधी आपण कुठल्या बाजूचे ते चाचपून बघतो. सांत्वन नंतर, पक्ष आधी.

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने या दुःखाला शोकात धरलं होतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं. पहिलं महायुद्ध चालू असताना लिहिलेल्या आणि १९१७ साली छापून आलेल्या निबंधात तो म्हणतो की शोक फक्त माणसाचा होत नाही. मायदेश, स्वातंत्र्य, एखादं ध्येय गमावलं तरी तोच शोक होतो, आणि त्याला आजार समजू नये. पुढे १९३८ मध्ये नाझींमुळे त्यालाच व्हिएन्ना सोडून लंडन गाठावं लागलं. सव्वा वर्षात तो तिथेच गेला.

त्याच निबंधातली आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कधी कधी माणसाला कोण गेलं ते कळतं, पण त्याच्याबरोबर आपलं नेमकं काय गेलं ते उमगत नाही. मग मी स्वतःला विचारते, बाई गं, तुझं काय गेलं? सरकारं येतात नि जातात. मी काही कुठल्या नेत्याच्या प्रेमात नव्हते. कायदे वाईट झाले तर राग येतो, पण रागाने झोप उडते, रडू येत नाही. रडू येतं ते कशाचं, हे शोधत गेलं की मी दरवेळी दादापाशी येऊन थांबते.

मागच्या रविवारी सगळे एकत्र होतो. दादाने हसत हसत फोन माझ्यापुढे धरला. ‘हे बघ, कशी जिरली याची.’ चित्रफितीत मधोमध एक माणूस, साधारण आमच्याच वयाचा. भोवती घोळका. तो हात जोडून काहीतरी सांगत होता आणि दर दोन शब्दांना कोणीतरी त्याच्या डोक्यावर टपली मारत होतं. फार जोरात नाही, लहान मुलाला मारतात तशी. पायात एकच चप्पल. दुसरी तो मान न वळवता पायानेच चाचपडत होता. शर्टाच्या खिशाला पेन तसंच अडकवलेलं. दादा हसला आणि वहिनीनेही बघायला मान पुढे केली.

हा तोच दादा. लहानपणी मला ताप चढला की रात्रभर उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलायचा. मी काहीच बोलले नाही. उठून पाणी प्यायला गेले.

माझं जे गेलं ते हे. राज्य करणारे कसे असतात ते ठाऊक होतंच. आपली माणसं कशी आहेत हेही ठाऊक आहे, असा माझा समज होता.

बुधवार

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. गेला म्हणून रडावं तर पुरावा नाही, येईल म्हणून वाट पाहावी तर किती! अशा अर्धवट लटकलेल्या दुःखाचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एकात माणूस समोर नसतं पण मनातून हलत नाही. दुसऱ्यात माणूस समोर बसलेलं असतं, जेवतं, बोलतं, पण आपल्या ओळखीचं उरलेलं नसतं. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी हे दुसरं असतं. माझंही दुसरंच म्हणायचं. देश जागच्या जागी आहे, दादा जागच्या जागी आहे.

लोक सांगतात, ‘स्वीकार कर, त्रास कमी होईल.’ दुःखाच्या त्या प्रसिद्ध पाच पायऱ्यांतली शेवटची पायरी. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मुळात त्या स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. पुढे त्या ऊठसूट प्रत्येक दुःखाला चिकटवल्या गेल्या. माझ्या दुःखाला ती शेवटची पायरी लागूच पडत नाही. मरण टळत नाही, म्हणून ते स्वीकारायचं. भर रस्त्यात माणसाच्या डोक्यावर मारलेली टपली टळली असती. ती स्वीकारली की मी बरी झाले असं नाही, मीही त्या घोळक्यात जाऊन उभी राहिले असं होईल.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. मुलं उचलून नेली जात आणि विचारायला गेलेल्या आयांना कोणी दाद देत नसे. ३० एप्रिल १९७७ ला चौदा आया ब्युनॉस आयर्समधल्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. जमावबंदी होती. पोलिसांनी दरडावलं, उभं राहायचं नाही, चालत राहा. तर त्या चालायला लागल्या, दोघी दोघी हातात हात घालून, चौकातल्या स्तंभाभोवती. पुढे दर गुरुवारी. त्यांची पुढारी असुसेना विल्याफ्लोर हिलाच त्या वर्षीच्या डिसेंबरात पळवलं. तिचे अवशेष ओळखता आले ते २००५ मध्ये. राजवट १९८३ ला संपली हे आपल्याला माहीत आहे म्हणून ती गोष्ट आपल्याला धीर देते. पहिल्या गुरुवारी चालताना त्या बायांना कुठलं साल माहीत होतं? मुलं गेली असं समजा, असं त्यांना सुचवणारे कमी नव्हते. त्यांनी ते मानलं नाही, आणि घरीही बसल्या नाहीत.

बातम्यांचं म्हणाल तर रात्री जेवणानंतर बघत नाही. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवार

या वहीचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. मग मला व्हिक्टर क्लेम्पेरर आठवतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे ज्यू प्राध्यापक, १९३५ मध्ये नोकरीवरून काढलेले. नाझींच्या सगळ्या काळात त्यांनी रोजनिशी लिहिली. लिहिलेली पानं बायको एव्हा लपवून दुसऱ्या गावी डॉक्टर मैत्रिणीकडे पोचवायची. सापडली असती तर सगळ्यांचाच जीव गेला असता. त्यात मोठं राजकारण आहेच, पण लक्षात राहतं ते बारीकसारीक. ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत असा हुकूम निघाला आणि १९४२ च्या मे महिन्यात त्यांना आपलं मांजर संपवावं लागलं, ते. रस्ता ओलांडून मुद्दाम समोर आलेल्या एका अनोळखी गृहस्थाने ‘हे चाललंय ते मला मान्य नाही’ म्हणत हात मिळवला, तेही त्यांनी टिपून ठेवलंय. शिवी आणि हस्तांदोलन, दोन्हींची नोंद. हे मला फार अवघड जातं. एकदा दुःख झालं की मला सगळेच वाईट दिसायला हवे असतात, हिशेब सोपा होतो.

म्हणून काल वहीत मुद्दाम दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. दादा हसला. दादा रात्रभर उशाशी बसायचा. पहिली ओळ दुसरीने खोडली जात नाही. दुसरीही पहिलीने नाही.

मग त्या चित्रफितीतला माणूस शोधला. बातमीत अगदी खाली, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्याचं नाव होतं. शिकवण्या घेतो म्हणे. त्याने केलं असं सांगितलेलं काही त्याने केलंच नव्हतं, हेही तिथेच. ते नाव वहीत लिहिलं आणि दादाला फोन लावला.

‘परवा दाखवलास ना, त्या माणसाचं नाव माहीत आहे तुला?’

‘कोणता माणूस?’

सांगितलं. नाव सांगितलं, शिकवण्यांचं सांगितलं, टपल्यांचं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, ‘तू फार मनाला लावून घेतेस. एवढं खोलात जाऊन कोण बघतं?’

‘मी बघते. तूही बघायचास.’

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पाठव ती बातमी. वाचतो.’

पाठवली आहे. वाचेल की नाही, वाचून काय म्हणेल, देव जाणे. रविवारी सगळे पुन्हा जमणार आहोत आणि या वेळी पाणी प्यायला उठायचं नाही असं मी ठरवलंय.