कपिलाचं तिसरं वेत

गेल्या वेतात कपिलाला कासदाह झाला होता. मागचा उजवा सड. उपचारांनी सूज उतरली, दुधातल्या गुठळ्या गेल्या, पण त्या सडाला दूध शेवटपर्यंत कमीच राहिलं. म्हणून ती पुन्हा गाभण असल्याचं पक्कं होताच मी डॉक्टरांना विचारलं, हा सड पुढच्या वेतासाठी वाचवायचा तर काय करायचं? ते म्हणाले, विण्याची वाट बघू नका. गाय आटवाल, म्हणजे तिची धार बंद कराल, तेव्हाच कामाला लागा.

गाईचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा. त्यातले शेवटचे 60 दिवस धार बंद ठेवायची. आटवण्याआधी आम्ही सीएमटी, म्हणजे दुधातून लपलेला कासदाह ओळखायची चाचणी, केली. तबकडीच्या चार वाट्यांत चारही सडांचं दूध वेगवेगळं घेतलं, प्रत्येकात तेवढंच द्रावण घातलं आणि तबकडी गोल फिरवली. तीन वाट्यांतलं दूध पाण्यासारखं फिरत राहिलं, चौथ्या वाटीत मात्र बुळबुळीत लपका जमला. दूध दिसायला स्वच्छ होतं, कास गरम नव्हती, कपिला हातही लावू देत होती. तरी दाह आत होताच. ही चाचणी केली नसती तर कळलं नसतं.

खुराक कमी केला आणि ठरल्या दिवशी शेवटची धार पूर्ण काढून डॉक्टरांनी प्रत्येक सडात आटवणीची औषधी ट्यूब सोडली. त्यांची पद्धत मी लक्ष देऊन पाहिली. स्पिरिटच्या बोळ्याने सडांची टोकं पुसताना आधी पलीकडचे दोन, मग अलीकडचे. औषध सोडताना मात्र उलट, आधी अलीकडचे. असं केलं की पुसून ठेवलेल्या सडाला बाही किंवा मनगट लागत नाही. ट्यूबची नळी सगळी आत खुपसायची नाही, टोक जेमतेम आत गेलं की पुरे. इतकी साधी गोष्ट, पण इथे घाण आत गेली तर औषधानेच रोग दिल्यासारखं होतं.

भाकडकाळाचे, म्हणजे धार बंद असलेल्या दिवसांचे, पहिले आणि शेवटचे दोन आठवडे कासेला सगळ्यात नाजूक. त्या दिवसांत मी दुसरं काही फार केलं नाही, फक्त तिची बसायची जागा कोरडी ठेवली आणि रोज लांबून कास पाहिली. एखादाच सड फुगलेला दिसला असता तर लगेच फोन केला असता. दाबून, पिळून बघायचा मोह मात्र टाळला, कारण सडाच्या तोंडाशी तयार झालेलं बूच त्याने निघतं.

विण्याच्या आदल्या दिवशी शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, सड तुकतुकीत भरले. ती सारखी उठबस करू लागली. पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, दिसली तेव्हा घड्याळ पाहून ठेवलं. तासाभरात काहीच पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना बोलवायचं, असं ठरलं होतं. पण दोन खूर, तळवे खाली, आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तसा माझा जीव भांड्यात पडला. कुणालाही ओढू दिलं नाही. कालवड झाली. नाकातोंडातला चिकट स्राव पुसला, नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं, आणि कास धुऊन दोन तासांच्या आत चीक पाजला. वासराच्या आतड्यातून रोगप्रतिकारक घटक पहिल्या काही तासांतच नीट शोषले जातात, चोवीस तासांनी ते दार जवळपास बंद होतं. वार आपोआप पडली.

कास दगडासारखी ताठ होती. बोट दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला, चिकात गुठळ्या नव्हत्या, तापही नव्हता. विण्याच्या वेळची साधी सूज ती, हळूहळू ओसरली.

खरा घोर लागला दुसऱ्या संध्याकाळी. कपिला उठेना. कान गार, मान वळवून पोटावर टेकवलेली. दूधज्वर. नाव ज्वर असलं तरी अंग गारच पडतं. चिकात कॅल्शियम एकदम निघून जातं आणि रक्तात ते घटतं. तिसऱ्या वेतापासून हा धोका वाढतो. डॉक्टर येईपर्यंत तिला आडवी पडू दिली नाही, बाजूला पेंढ्या लावून पोटावर बसतं ठेवलं. त्यांनी कॅल्शियमची बाटली कोमट करून शिरेतून अगदी सावकाश सोडली, छातीला नळी लावून ठोके ऐकत. भराभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून हे काम घरी करायचं नाही. बाटली संपत आली तशी तिच्या अंगावर थरथर आली, ढेकर आली, शेण टाकलं आणि थोड्या वेळाने ती उभी राहिली. मला रडू आवरलं नाही.

चीक सरून दूध नेहमीसारखं झाल्यावर पुन्हा सीएमटी केली. त्याआधी केली तर चाचणी फसवते. चारही वाट्या साफ. आटवणीच्या औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्यावरच घरात दूध घेतलं. आता दर वेळी पहिल्या धारा काळ्या वाटीत पाहते, धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवते आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकते. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर ती खात उभी राहते, खाली बसून उघड्या सडाला घाण लागत नाही.