सुईने होत असेल तर ऑपरेशन कशाला?

‘गालातून सुई घालून नस बधिर करता येते, असे आम्ही ऐकले आहे. मग कवटी उघडण्याचे ऑपरेशन तुम्ही सुचवताच कशाला?’ ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे चेहऱ्यात असह्य कळ येण्याच्या आजाराचे रुग्ण, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे नातेवाईक, हा प्रश्न मला सतत विचारतात. न्यूरोसर्जन म्हणून मी दोन्ही प्रकारचे उपचार करते, त्यामुळे कोणा एकाची बाजू घेण्याचे मला कारण नाही. सुईने वेदना थांबते, पुष्कळांची तर त्याच दिवशी थांबते, हे खरेच आहे. मात्र ती थांबते ती नसेला जाणूनबुजून थोडी इजा केल्यामुळे, आणि गालावरच्या टाचणीएवढ्या खुणेकडे पाहून हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी आजाराविषयी थोडेसे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेला तीन शाखा असतात: एक कपाळ आणि डोळ्याकडची, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडची, तिसरी खालच्या जबड्याकडची. या आजारात त्यांपैकी एक-दोन शाखांत, बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला, करंट लागल्यासारखी कळ येते. ती काही सेकंद टिकते, फार तर दोन मिनिटे, आणि पुष्कळांना दोन कळांच्या मध्ये काहीही होत नसते. दात घासणे, तोंड धुणे, घास चावणे, गालावर वाऱ्याची झुळूक येणे, एवढेही कळ सुरू व्हायला पुरते. बोलले की कळ येते म्हणून माझ्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून देणारे रुग्ण मी पाहिले आहेत; एका गालाची दाढी केलेली आणि दुसऱ्याची आठवडेच्या आठवडे तशीच राहिलेली, असे पुरुषही पाहिले आहेत. कळ जबड्यात येत असल्यामुळे अनेक जण आधी दाताच्या डॉक्टरांकडे जातात आणि एखादा निरोगी दात गमावूनच आमच्याकडे पोहोचतात. उपचारांनी तोंड वाकडे होईल का, ही भीतीही बहुतेकांच्या मनात असते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस सातवी. ती वेगळी आहे आणि या सुईच्या वाटेवर ती येत नाही.

बहुतांश रुग्णांत मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी, बहुधा सुपीरियर सेरेबेलर धमनी, पाचव्या नसेच्या मुळाशी टेकलेली असते. तिच्या सततच्या ठोक्यांनी नसेवरचे मायलिनचे आवरण झिजते आणि साध्या स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंत शिरू लागतो. काहींत मात्र कारण मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या तंतूंचे हेच आवरण खराब करणारा आजार) किंवा एखादी गाठ असते, म्हणून एमआरआय केल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये. पहिला उपचार औषधाचाच. कार्बामाझेपिनचा या आजारातला उपयोग 1962 साली प्रसिद्ध झाला आणि आजही पहिल्या पसंतीची औषधे तेच आणि त्याचे जवळचे नातलग ऑक्सकार्बाझेपिन. ती लागू पडतात, पण मात्रा वाढत गेली की झोप येणे, तोल जाणे, रक्तातले सोडियम उतरणे असे त्रास सुरू होतात. औषध पुरेनासे झाले किंवा सोसेनासे झाले, की मगच तुमच्या प्रश्नाची वेळ येते.

त्या वेळी मोठे ऑपरेशन मी का सुचवते, ते सांगते. त्यात कानामागे कवटीला लहानशी खिडकी पाडून सूक्ष्मदर्शकाखाली ती रक्तवाहिनी नसेपासून बाजूला केली जाते आणि दोघींच्या मध्ये टेफ्लॉनचा छोटा गोळा ठेवला जातो. कारणावर उपाय करणारी आणि नसेला सहसा शाबूत ठेवणारी पद्धत ही एवढीच आहे. अमेरिकन न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी ती रूढ केली. त्यांच्या गटाने 1996 साली 1,185 रुग्णांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात दहा वर्षांनंतरही सुमारे 70 टक्के रुग्ण औषधांशिवाय उत्तम स्थितीत होते. सुईच्या कोणत्याही पद्धतीला ही मजल गाठता येत नाही. त्याच्या बदल्यात पूर्ण भूल, काही दिवस रुग्णालयात राहणे, आणि क्वचित त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्यापासून पक्षाघातापर्यंतचे धोके पत्करावे लागतात. प्रकृती ठीक असलेल्या आणि एमआरआयमध्ये नसेवरचा दाब स्पष्ट दिसणाऱ्या माणसाला म्हणूनच मी आधी हे ऑपरेशन सुचवते. वय झालेल्या, हृदय किंवा फुफ्फुसे साथ न देणाऱ्या, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या, किंवा कवटी उघडायचीच नाही असे विचारपूर्वक ठरवलेल्या रुग्णासाठी सुई हा दुय्यम नव्हे, योग्य उपचार ठरतो.

सुईची वाट गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन डॉक्टर फ्रित्झ हेर्टल यांनी आखून दिली, आणि आजही आम्ही जवळपास तिनेच जातो. ओठांच्या कोपऱ्यापासून सुमारे अडीच सेंटिमीटर बाहेर गालावर सुई टोचायची. समोरून पाहताना तिचा रोख डोळ्याच्या बाहुलीकडे आणि बाजूने पाहताना कानाच्या सुमारे तीन सेंटिमीटर पुढे असायला हवा. दुसऱ्या हाताचे बोट तोंडात ठेवून सुई आतल्या अस्तराला भोक पाडत नाही ना, हे पाहावे लागते, कारण तोंडातले जंतू आत गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा धोका असतो. कवटीच्या तळाशी फोरामेन ओव्हेल नावाचे लंबगोल छिद्र आहे, लांबीला जेमतेम सात मिलिमीटर. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई त्यातून आत न्यायची, की तिन्ही शाखा जिथे एकत्र येतात त्या गँग्लियनशी ती पोहोचते. शेजारून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जाते, त्यामुळे इथे घाई चालत नाही.

इथवर सगळ्या पद्धतींत जवळपास हेच घडते; पुढे वाटा फुटतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत सुईच्या टोकाने नसेला उष्णता दिली जाते. विल्यम स्वीट आणि जेम्स वेप्सिक यांनी 1974 साली तिला आजचे नियंत्रित रूप दिले. सुई आत जाईपर्यंत रुग्णाला काही मिनिटांची झोप दिलेली असते, आणि मग त्याला चक्क जागे करावे लागते. सुईतून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून आम्ही विचारतो, ‘मुंग्या कुठे येतात?’ रुग्ण हनुवटीवर बोट ठेवतो. त्याची कळ वरच्या ओठात येत असेल, तर सुई थोडी सरकवून पुन्हा तोच प्रश्न. जागा जुळली की परत झोप, साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसची उष्णता एक-दीड मिनिट, पुन्हा जागे करणे, आणि गालावर टाचणीचे टोक टेकवून ‘हे टोचते की नुसते टेकल्यासारखे वाटते?’ अशी विचारणा. उष्णता देताना कधी कधी नेमका तेवढाच भाग लालसर होतो, ती आम्हांला मिळालेली साक्षच. टोचणे बोथट व्हायला हवे, पण स्पर्श उरायला हवा. मी तिथेच थांबते. ज्यांना ऐकू कमी येते किंवा अशा प्रसंगी ज्यांचा धीर सुटतो, त्यांच्यासाठी ही पद्धत मी सहसा निवडत नाही.

त्यांच्यासाठी फुगा बरा. शॉन मलन आणि टेरी लिक्टर यांनी 1983 साली मांडलेल्या या पद्धतीत रुग्ण पूर्ण भुलेखाली असतो. जाड सुईतून बारीक नळी (कॅथेटर) आत नेऊन त्याच्या टोकाचा फुगा, एक मिलिलिटरही नाही एवढ्या द्रवाने, मिनिटभर फुगवतात. पडद्यावर त्याला पेअर फळाचा आकार आला की जागा बरोबर आहे, असे समजतो. त्या क्षणी हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञ औषध हाताशी ठेवूनच उभे असतात. दाबाने मुख्यतः जाड तंतूंना इजा होते आणि डोळ्याच्या बुबुळाची जाणीव नेणारे बारीक तंतू बरेचसे वाचतात. कळ कपाळात किंवा डोळ्यापाशी येत असेल तर मी फुगा निवडते, तो यासाठी. चावण्याचे स्नायू मात्र काही आठवडे ते महिने कमजोर राहतात.

सुईची तिसरी पद्धत म्हणजे ग्लिसरॉल हा दाट द्रव गँग्लियनशी सोडणे; तिची गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटते. स्वीडनचे स्टेन होकान्सन किरणोपचारासाठी नसेची जागा एक्स-रेत दिसावी म्हणून धातूची पूड ग्लिसरॉलमध्ये कालवून आत सोडत होते; किरणे देण्याआधीच रुग्णांची कळ थांबल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि 1981 साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. तिचा परिणाम इतरांपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून माझ्याकडे ती मागे पडली आहे. गॅमा नाइफमध्ये तर सुईही नाही: डोक्याला चौकट बसवून नसेच्या मुळावर बहुधा 70 ते 90 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किरणांची एकच मात्रा दिली जाते. रक्त पातळ करणारी औषधे थांबवता येत नाहीत अशांना ती फार सोयीची आहे. पण तिचा गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात, आणि कळेमुळे पाणीही गिळता येत नसलेल्या माणसाला तेवढे थांबा म्हणणे मला जमत नाही. प्रवाह सलग न देता तुटक झटक्यांनी देणाऱ्या आणि बधिरपणा न आणणाऱ्या पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सीविषयीही विचारणा होते. नेहमीच्या रेडिओफ्रिक्वेन्सीशी तुलना केलेल्या अभ्यासांत ती कमी पडली आहे, म्हणून या आजारासाठी केवळ तिच्यावर मी विसंबत नाही.

आता किंमत. दाताच्या इंजेक्शननंतर ओठ जसा जड आणि परका वाटतो, त्याची सौम्य आवृत्ती पुढे कायम राहू शकते. बहुतेकांना कळेपुढे हे काहीच वाटत नाही. काहींना मात्र घास गालात अडकल्याचे कळत नाही आणि त्याचा फार त्रास होतो. म्हणून मी आधीच सांगते: पूर्वी घेतलेले दाताचे इंजेक्शन आठवा, आणि ते थोडेसे उतरून तसेच राहिले तर चालेल का, ते ठरवा. फार क्वचित, बधिर झालेल्या भागातच सतत जळजळणारी वेदना सुरू होते. तिच्यावर आमच्याकडे चांगला उपाय नाही, आणि तिच्या भीतीनेच मी ‘अजून थोडे बधिर करा’ या आग्रहाला बळी पडत नाही. ज्यांची वेदना मुळातच कळ नसून दिवसभराची जळजळ किंवा ठणका आहे, त्यांना सुईचा फायदा क्वचितच होतो. अशांना मी सरळ नाही म्हणते, आणि त्यावरून माझ्यावर रागावून गेलेलेही पुष्कळ आहेत.

काही वर्षांनी कळ परत येऊ शकते. तेव्हा सुईचा उपचार पुन्हा करता येतो, पण दर खेपेला बधिरपणात भर पडते. गोळ्या दुसऱ्याच दिवशी एकदम बंद करायच्या नसतात, त्या काही आठवड्यांत हळूहळू उतरवायच्या. ओठांवर पुरळ उठले तर घाबरू नका. या नसेत दबून राहिलेला हर्पिसचा विषाणू अशा वेळी डोके वर काढतो आणि बहुधा आठवडा-दीड आठवड्यात शमतो. डोळ्याचे मात्र वेगळे आहे. बुबुळ बधिर असेल तर आत गेलेला कण खुपत नाही आणि जखम वाढत जाते, म्हणून त्या बाजूचा डोळा लाल दिसला तर तो दुखत नाही या कारणाने थांबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.