काटा खाली आला होता

त्या दिवशी सकाळी गॅरेज उघडले तेव्हा एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी गाडी घेऊन दारातच थांबले होते. गाडी सतरा वर्षांची होती. मी बोनेट उघडण्याआधीच मुलगी म्हणाली, "हिच्यावर आणखी खर्च करायचा की नाही, एवढेच सांगा." तिचे वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी मागची डिकी उघडली आणि आत ठेवलेला पाच लिटरचा पाण्याचा कॅन मला दाखवला.

कॅन पाहून निम्मी गोष्ट कळली. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळत होते आणि काका गेले कित्येक महिने रेडिएटरच्या टाकीत साधे पाणी घालून वेळ निभावत होते. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आणि आता रोज सकाळी. गळती किती लहान दिसते यावर लोक विसंबतात, पण दहा सेकंदांना एक थेंब पडला तरी दिवसाकाठी सुमारे चारशे मिलिलिटर द्रव निघून जातो, आणि त्याची जागा सतत साध्या पाण्याने भरत राहिली की कूलंटमधला गंजरोधक भाग विरळ होत जातो. टाकीचे झाकण काढून पाहिले, तर आतल्या द्रवाला रंग जवळजवळ उरला नव्हता आणि तळाशी तांबूस गाळ बसला होता.

आधी त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवले होते. तिथे गळती बंद करणारी पावडर टाकून गाडी विकून टाकण्याचा सल्ला मिळाला होता. ती पावडर भोक बुजवते हे खरे. पण कोणते भोक बुजवायचे हे तिला कळत नाही, आणि हीटरच्या बारीक नळ्या तुंबल्या की नवेच दुखणे मागे लागते. शिवाय तशी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणे मला पटत नाही. काकांनाही ते पटले नसावे, नाहीतर ते माझ्याकडे आले नसते.

इंजिन थंड होते, म्हणून लगेच प्रेशर टेस्टर लावला. टाकीच्या तोंडाला बसणारा हा हातपंप आहे; त्याने यंत्रणेत साधारण एक बार दाब भरायचा आणि काटा किती वेळ तग धरतो ते पाहायचे. पाच मिनिटांत काटा घसरू लागला. होज पाइप कोरडे होते, क्लिपा घट्ट होत्या, रेडिएटरचा प्लास्टिकचा भाग उन्हाउष्णतेने तपकिरी पडला असला तरी सुका होता. मग छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या भागांचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टवरच्या झाकणाच्या) खालच्या कडेकडे पाहिले. तिथे गुलाबीसर पांढरा, मिठासारखा कडक थर साचला होता आणि त्याच्या टोकाला एक ताजा थेंब लोंबत होता. याच झाकणाआड कूलंट फिरवणारा वॉटर पंप होता, आणि अशा पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की द्रव बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावा आणि मालकाला वेळीच समजावे, हा त्याचा हेतू. या पंपाने आपले काम चोख केले होते, फक्त ते कोणी ऐकले नव्हते.

इथवर सगळे सरळ होते. पंप नवीन बसवायचा, आणि तो टायमिंग बेल्टवर चालणारा असल्याने बेल्टही त्याच वेळी बदलायचा, कारण मजुरीचा मोठा वाटा तिथपर्यंत पोहोचण्यातच जातो आणि कूलंटने भिजलेला बेल्ट पुन्हा चढवणे म्हणजे इंजिनाशी जुगार खेळणे आहे. मी खर्चाचा कागद लिहायला घेतला आणि सवयीने विचारले, "काका, तापमानाचा काटा कधी लालपर्यंत गेला होता का?"

"गेल्या महिन्यात एकदा चढावर गेला होता," ते म्हणाले, "पण मग आपोआप खाली आला, अगदी तळाला. म्हणून तसाच घरी आलो."

मी पेन खाली ठेवले. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो तोवरच तो खरे सांगतो. पातळी त्याच्याही खाली गेली की तो वाफेत किंवा रिकाम्या हवेत राहतो आणि कमी तापमान दाखवू लागतो. काटा खाली आला तो इंजिन गार झाल्यामुळे नव्हे. तो खाली आला कारण मोजायला काही उरले नव्हते. "घरी पोहोचायला किती वेळ लागला?" या प्रश्नावर काकांनी थोडा विचार केला आणि "सात-आठ मिनिटे" असे उत्तर दिले. ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, वाकायला तेवढी मिनिटे पुरतात.

इथे मला माझी एक जुनी चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचा मी फक्त पंप बदलला. पाणी गळत असताना यंत्रणेत पूर्ण दाब कधी तयारच होत नव्हता. नवीन पंपाने तो होऊ लागला आणि आधीच तापून अशक्त झालेल्या हेड गॅस्केटने (हेड आणि खालच्या इंजिनामधल्या सीलने) तिसऱ्या आठवड्यात दम तोडला. गाडी टोचन करून परत आली. मालक माझ्यावर भडकले, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. तेव्हापासून गळती दुरुस्त करण्याआधी मी गाडी किती तापली होती हे शोधतो.

म्हणून दुपारपर्यंतचा वेळ काही न बदलता केवळ तपासण्यात गेला. टाकीतील द्रव थोडा कमी करून तोंडाशी निळ्या द्रवाची नळी बसवली. चालू इंजिनातून जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर हा निळा रंग पिवळा होतो. मुलगी वाकून त्या नळीकडे एकटक पाहत होती. दहा मिनिटे झाली तरी रंग निळाच राहिला. मग चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजले. आकडे जवळपास सारखे आले. स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टन पाहिले. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपते तिथला पिस्टन वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसतो. इथे चारही सारखेच काळे होते, आणि काळा रंग पाहून इतके बरे मला क्वचितच वाटले असेल. शेवटी गाडी लिफ्टवर उचलून खालचा सांगाडा आणि ब्रेकच्या नळ्या पाहिल्या, कारण तिथे गंजाने पोखरले असेल तर वरच्या पंपाचा विचार करण्यात अर्थ नसतो. गंज वरवरचा होता.

मुलीचा मुद्दा मात्र कायम होता. "ही विकली तर दुरुस्तीएवढेही पैसे येणार नाहीत," ती म्हणाली. हिशोब बरोबर होता, पण माझ्या मते तुलना चुकीची होती. गाडी विकायची नसेल तर तिच्या बाजारभावाशी दुरुस्ती का ताडायची? या खर्चात आणखी किती काळ चालेल आणि तोच काळ दुसऱ्या गाडीने काढायचा तर काय लागेल, ते पाहायचे. त्या हिशोबात दुरुस्ती जड नव्हती. अर्थात सगळ्या चाचण्या चांगल्या आल्या म्हणून हेड पुढे टिकेलच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो, आणि तेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

तेव्हा काकांनी पहिल्यांदा थेट विचारले, "तुमची असती तर?"

मी म्हणालो, पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट (कूलंटचे तापमान राखणारी झडप) आणि संपूर्ण नवीन कूलंट एवढे करेन. रेडिएटर आज गळत नाही, तो राहू देईन. आणि एक मर्यादा आजच ठरवेन: वर्षभरात हेड गॅस्केट गेले तर इंजिन उघडणार नाही, गाडी मोडीत काढेन. ऐन वेळी, एवढा खर्च झालाच आहे तर आणखी थोडा, असे म्हणत माणूस फसतो. मुलीने माझ्या हातातला कागद घेतला, ती अट खाली स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि वडिलांपुढे धरली. काकांनी तिच्याकडे, मग गाडीकडे पाहिले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपले. गाळ निघेपर्यंत यंत्रणा धुतली, नवीन कूलंट निम्म्या शुद्ध पाण्यात मिसळून भरले, हवा काढली आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवले. टाकीवर मार्करने एक रेघ ओढली आणि आठ दिवसांनी, इंजिन पूर्ण थंड असताना, दाखवायला या असे सांगितले.

ते आठव्या दिवशी सकाळी आले. पातळी रेघेपासून दोन बोटे खाली होती. काकांचा चेहरा उतरला. मी पुन्हा टेस्टर लावला, पंधरा मिनिटे काटा जागचा हलला नाही, आणि निळा द्रवही निळाच राहिला. कुठेतरी अडकलेली हवा निघून गेली होती, एवढेच. मी रेघेपर्यंत भर घातली आणि आणखी पंधरा दिवसांनी यायला सांगितले. डिकीत कॅन अजून होता, पण आता त्यात काकांनी कूलंट मिसळलेले पाणी भरून ठेवले होते.