पहिली ओळ वाचून थांबलेला पोरगा

2021 चा ऑक्टोबर. मी तेव्हा आयर्लंडच्या डोनेगलमध्ये एका आय क्लिनिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट होते. दिवसभर तेच, चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, डायबेटिसवाले आजोबा. दुपारी चारला सोळा वर्षांचा एक पोरगा आईबरोबर आला. स्टारगार्ट. म्हणजे पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, हळूहळू जातो, कडेचं दिसतं, त्यामुळे ही मुलं तुमच्याकडे बघताना नजर तुमच्या कानाच्या बाजूला ठेवतात आणि शाळेत मास्तरांना वाटतं लक्ष नाही.

पोरगा 100 मीटर धावायचा. आणि तिथून तासाभरावर डेरी, तिथला जेसन स्मिथ, हाच आजार, वयाच्या 34 व्या वर्षी नुकताच टोकियोहून सहावं पॅरालिम्पिक गोल्ड घेऊन आलेला. 10.53, दुसरा 10.54. पोराला सगळं पाठ. 2010 ला बार्सिलोनात धडधाकट लोकांच्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये स्मिथ धावला, लंडन ऑलिम्पिकची पात्रता 10.18 होती आणि त्याची बेस्ट 10.22, म्हणून तिकडे गेला नाही, पण त्याच वर्षी, 2012 ला, पॅरालिम्पिकमध्ये दोन गोल्ड, हे सगळं त्यानं मी डोळ्यात थेंब घालेपर्यंत सांगून टाकलं.

त्याला टी13 मध्ये, म्हणजे स्मिथच्याच कमी दिसणाऱ्या धावपटूंच्या गटात, बसायचं होतं. नियम असा की चष्मा लावूनसुद्धा चांगल्या डोळ्याची नजर लॉगमार 1.0 किंवा त्याहून वाईट हवी. लॉगमार म्हणजे नजरेचं माप, आकडा जितका मोठा तितकी नजर वाईट. (शेवटचा निर्णय स्पर्धेतले क्लासिफायर घेतात, पण कागदपत्रं आमच्या रिपोर्टवर बनतात.) गेल्या वर्षी त्याचं 0.78 होतं, म्हणजे नजर जास्त चांगली. आईनं खोलीत शिरतानाच विचारलं, "आता पुरेशी खराब झालीय का हो?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आता आमचा चार्ट. चार मीटरवर, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, एका अक्षराला 0.02, आणि सगळ्यात वरची ओळ बरोब्बर 1.0. पोरानं वरची ओळ वाचली आणि थांबला. साफ थांबला. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली, कारण नाटक करणारा माणूस असाच ओळ संपवून थांबतो, खरोखर न दिसणारा अर्ध्या ओळीत अडखळतो, चुकीची अक्षरं सांगतो. यावर एक युक्ती आहे, चार्ट निम्म्या अंतरावर आणायचा, खरं बोलणाऱ्याला तीन ओळी जास्त दिसायला हव्यात. दोन मीटरवर त्यानं चार ओळी वाचल्या. वर पाचवीतली तीन अक्षरं. हिशोब केला तर 0.94.

मग दुसरा चार्ट लावून परत चार मीटर. "दिसत नसलं तरी अंदाजानं सांग," म्हणाले. हे मी सगळ्यांना म्हणते, पद्धतच आहे ती. दुसऱ्या ओळीतली तीन बरोबर आली. पुन्हा 0.94. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता, फक्त खात्री नसलेलं बोलत नव्हता, आणि मी उगाच त्याला चोर ठरवलं होतं. ओसीटीमध्येही, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, गेल्या वर्षापेक्षा मधला थर पातळ झालेला स्पष्ट दिसत होता.

0.94. तीन अक्षरं. मी जोर दिला नसता तर 1.0 आणि टी13.

सहकारी म्हणाला, अगं पुढच्या वर्षी होईलच तो 1.0. त्याला हे सांगताना काहीच वाटलं नाही, मला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं. एवढी नजर गेली तरी टी13 ला पुरत नाही, आणि ड्रायव्हिंगला 6/12 लागतं, म्हणजे त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली नजर, म्हणजे गाडी कधीच नाही, आणि डोनेगलमध्ये गाडीशिवाय मुलाला ट्रॅकवर नेणारी आईच.

मी 0.94 लिहिलं. कागद वाचून आई गप्प बसली. पुढची अपॉइंटमेंट एप्रिलची देत होते तर पोरगा म्हणाला, "मार्चमध्ये नाही का मिळणार? एप्रिलमध्ये सीझन सुरू होतो."

मार्चची दिली.