हम मागच्या वायरीतून येतो

हेडफोनमधला हम, म्हणजे विजेच्या लाईनीमुळे गाण्याखाली येणारा सततचा घूं आवाज, घालवायला बॅलन्स्ड (प्रत्येक सिग्नल दोन तारांवरून नेणारा) हेडफोन अ‍ॅम्प घ्यायचा विचार असेल, तर आधी त्याची मागची बाजू बघा. पुढच्या, हेडफोन लावायच्या, चार पिनांच्या एक्सएलआरवर नाहीतर ४.४ मिमीच्या सॉकेटवर सगळ्यांची नजर जाते. हम तिथून शिरतच नाही. सोलापूरच्या साखर पेठेतला माझा आतेभाऊ याच भरवशावर नवा अ‍ॅम्प घ्यायला निघाला होता. फोनवर सांगून संपणारं हे प्रकरण नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचं घर अशोक चौकाच्या पुढे. खाली टॉवेलचा कारखाना, वर आम्ही. वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. हेडफोन सेनहायझरचे एचडी ६००, ३०० ओहमचे. ते मागून उघडे असतात, बाहेरचा सगळा आवाज आत येतो, त्यामुळे माग चालू असताना काही ऐकणं अशक्य. दुसरी पाळी सुटली की मग बसायचं.

टेपचा सूं आवाज मला चालतो. तो कॅसेटीचाच आहे, गाणं सुरू झालं की कान त्याला सोडून देतो. हम मात्र चालत नाही. आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची. हममध्ये नुसते ५० नसतात, सोबत १०० आणि १५०सुद्धा येतात. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झला लागतो. त्याच्या हिशेबाने १५० कुठे बसतो? कोमल ऋषभाच्या थोडा वर, शुद्ध ऋषभाच्या बराच खाली. म्हणजे तानपुऱ्याशेजारी कुणीतरी धड ना कोमल धड ना शुद्ध असा ऋषभ अखंड धरून बसल्यासारखं. भैरवमध्ये गवई ऋषभावर आंदोलन घेतो, तेव्हा हा दुसरा ऋषभ खाली गुणगुणत असतो. जीव नुसता वैतागतो.

कुठून येतोय हे शोधायला पैसे लागत नाहीत. हेडफोन कानावरून काढून ठेवले, अ‍ॅम्प बंद करून डॅककडून (कॉम्प्युटरच्या डिजिटल गाण्याचा ऑडिओ सिग्नल करणाऱ्या डब्याकडून) येणाऱ्या मागच्या दोन्ही आरसीए (साध्या ऑडिओ) वायरी काढल्या, मग चालू करून आवाज हळूहळू वाढवत नेला. शांत. म्हणजे अ‍ॅम्प बिचारा निर्दोष. वायरी परत लावल्या, हम हजर. आवाजाचं बटण कमी केलं की हमही कमी होतो, म्हणजे तो बटणाच्या आधीच आत आलाय. मग कॉम्प्युटरमधून डॅकची यूएसबी उपटली आणि हम गेला. आणखी एक गोष्ट केली: खाली जाऊन कारखान्याचा मेन स्विच पाडायला लावला. यूएसबी जोडलेली असूनही हम निम्म्यावर आला.

इथे चित्र स्पष्ट झालं. कॉम्प्युटरचा पॉइंट घराच्या बोर्डावरून आलेला. पलंगाजवळचा, अ‍ॅम्पचा पॉइंट मात्र वरचा मजला चढवताना वडिलांनी कारखान्याच्या बोर्डावरून ओढून घेतलेला. दोघांच्या अर्थच्या वायरी वेगवेगळ्या, आणि त्या भेटतात थेट खाली, अर्थिंगच्या खड्ड्याशी. वर त्यांना जोडतो आपण: कॉम्प्युटरची बॉडी, यूएसबीची जाळी (वायरीत आतल्या तारांभोवती असलेलं धातूचं आवरण), डॅक, आरसीएची जाळी, अ‍ॅम्पची बॉडी. पूर्ण वाटोळं कडं तयार.

आता माग थांबले तरी मागावर नक्षी काढणाऱ्या जेकार्डच्या कंट्रोलरची लाईट चालूच असते. त्या डब्यांच्या फिल्टरमधून थोडी गळती सतत अर्थमध्ये उतरते. ती २० मिलिअँपिअर धरा आणि वायरीचा, जोडांचा मिळून रोध पाव ओहम धरा. अर्थच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक पडला. यातला १ मिलिव्होल्ट जरी आरसीएच्या जाळीवर आला, तरी डॅकच्या २ व्होल्टच्या पूर्ण सिग्नलपेक्षा तो फक्त ६६ डेसिबल खाली असतो. विलंबित आलापात हे स्पष्ट ऐकू येतं. कारण आरसीएमध्ये जाळी दोन कामं करते: बाहेरचा त्रास अडवते आणि सिग्नलला परतीची वाटही तीच देते. जाळीवर जे आलं ते गाण्यात मिसळलं.

आमच्या गल्लीत वायरिंग करणारे अन्ना बघायला आले. त्यांनी लगेच उपाय काढला. ‘‘सर, अ‍ॅम्पची वरची जाड पिन काढून टाकतो की. आवाज बंद होतोय बघा.’’

‘‘अन्ना, ती पिन राहू द्या. आवाज बंद होईल, पण आत ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट आहेत. उद्या आतली वायर बॉडीला लागली तर?’’

अन्नांना हे कळत नाही असं नाही. लोकांना आवाज गेलेला हवा असतो, म्हणून तेही तेच करून देतात. मला मात्र हे कळकळीने सांगायचंय: पत्र्याची बॉडी असलेल्या, तीन पिनांच्या कुठल्याही यंत्राची अर्थ तोडू नका. हेडफोन आपण डोक्यावर घालून बसतो.

मग अन्नांनी अ‍ॅम्पचा पॉइंट घराच्या बोर्डावर घेतला, कॉम्प्युटरच्या शेजारीच, एकाच पट्टीवर. हम एवढा उतरला की दिवसा कळेना. रात्री मात्र अजून होता. शेवटचा तुकडा गेला तो डॅक आणि अ‍ॅम्पमध्ये आरसीएऐवजी एक्सएलआर वायर टाकल्यावर. बॅलन्स्डचा खरा उपयोग हा, इथे मागे. पिन १ ला जाळी, २ आणि ३ वर तोच सिग्नल एकमेकांच्या उलट. अ‍ॅम्प या दोघांतला फरक तेवढा घेतो. दोन्हीवर सारखंच जे येतं, ते वजाबाकीत उडतं. जाळीतून करंट वाहत राहतो, पण गाण्याच्या वाटेत येत नाही. अट एवढीच की अ‍ॅम्पच्या आत पिन १ सरळ बॉडीला जोडलेली असावी. ती सर्किटच्या ग्राउंडवर नेली तर जाळीतला करंट आत शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हे मांडलं, आणि तरीही आजची कितीतरी यंत्रं तशीच बनतात.

डॅकला एक्सएलआर नसेल तर कॉम्प्युटर आणि डॅकमध्ये यूएसबीऐवजी ऑप्टिकल वायर वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, तांबं नाही, म्हणून कडं तिथेच तुटतं. नाहीतर आरसीएच्या मध्ये एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. स्वस्तातला घेऊ नका, खर्ज खातो.

उन्हाळ्याचं वेगळं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपला सोडून मागे सरते. मीठ-कोळसा भरलेला खड्डाही कोरडा पडतो. अर्थ अशी कमजोर होत होत निकामी झाली, किंवा मध्येच कुठे तुटली, की कॉम्प्युटरच्या आतले छोटे कपॅसिटर बॉडीला ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत ठेवू शकतात. करंट अगदी थोडा, पण बोटाला झिणझिण्या येतात, आणि तोच करंट वाट शोधत ऑडिओच्या जाळीतून जातो. कारखान्यातला पोरगा आता सकाळी खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो.

पुढच्या बॅलन्स्ड सॉकेटचं काय, तर तेही कामाचं आहे, फक्त काम वेगळं. दोन्ही कानांच्या परतीच्या वायरी वेगळ्या होतात, आणि व्होल्टेज दुप्पट मिळू शकतं, म्हणजे हिशेबाने ताकद चौपटीपर्यंत. ३०० ओहमच्या हेडफोनला हे व्होल्टेज हवंच असतं, मंद्रातला आवाज भरून येतो. पण त्या सॉकेटमध्ये अ‍ॅडॉप्टर लावून साधे तीन वायरींचे हेडफोन घालू नका. अशा अ‍ॅडॉप्टरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही उणे वायरी एकत्र बांधल्या जातात. त्या दोन्हींच्या मागे चालते अ‍ॅम्प्लिफायर बसलेले असतात, ते एकमेकांवर शॉर्ट होऊन जळू शकतात. साध्या हेडफोनसाठी बहुतेक अ‍ॅम्पना शेजारी ६.३५ मिमीचं सॉकेट दिलेलं असतं, ते वापरा.