ड्रमंड पायलेथ, महिना चौथा: ठोका गेला, पाय बसला

मंडळी, गेल्या वेळी लिहिलं तेव्हा लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातायचं यंत्र) उभा होता, पण पायडल मारलं की खालून टक्‌टक्‌ आवाज यायचा आणि जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, दर ठोक्याला एक बारीक लाट उमटायची. तो ठोका आता गेला. रविवारी २० मिलीमीटरचा माइल्ड स्टीलचा बार सलग पंचवीस मिनिटं टर्न केला, म्हणजे कातला, निव्वळ पायावर.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा ड्रमंडचा साडेतीन इंची एम टाइप. बेडपासून सेंटरची, म्हणजे जॉब ज्या अक्षावर फिरतो त्याची, उंची साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिलीमीटर. ड्रमंड ब्रदर्सचा कारखाना इथे इंग्लंडात, सरेमधल्या गिल्डफर्डला होता, आणि हे लेथ काढणारा आर्थर ड्रमंड हा चित्रकार. त्या काळी घरामागच्या शेडमध्ये वीज क्वचितच, म्हणून हौशी लोक लेथ पायडलच्या स्टँडसकट घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे मॉडेल मायफोर्ड या दुसऱ्या लेथ कंपनीकडे गेलं. माझ्याकडे आला तेव्हा कुणीतरी त्याला वॉशिंग मशीनची मोटर बसवलेली होती. ती मी काढली आणि पायडलचा स्टँड वेगळा मिळवला.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. त्यांच्या तोंडी मिलीमीटरपेक्षा सूत जास्त. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे टूल धरणारा सॅडल सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला ८ आट्यांचा आहे. म्हणजे एक पूर्ण फेरा दिला की सॅडल बरोबर एक सूत सरकतो. हे ध्यानात आलं तेव्हा मी हँडल धरून तसाच उभा राहिलो. बाबा असते तर त्यांना तेवढंच दाखवलं असतं.

आता ठोका. पायडलपासून क्रँककडे जाणारा जो दांडा, त्याच्या खालच्या डोळ्यात अर्ध्या इंचाची पिन आहे. ती एका बाजूनं झिजून अंडाकृती झाली होती. व्हर्निअर आडवा आणि उभा लावला तर जवळजवळ अर्ध्या मिलीमीटरचा फरक. नवी पिन आणि गनमेटलचा बुश (पिनीभोवती बसणारी नळी), दोन्ही याच लेथवर केले, ठोक्यासकट. फिनिशिंगचा कट घेताना पायडल अगदी सावकाश मारलं, म्हणजे धक्का कमी बसतो. बुश दाबून बसवला, तेलाला वरून भोक पाडलं, आणि आवाज बंद.

दुसरं दुखणं डेड सेंटरचं, म्हणजे जिथून पायडल दाबून चाक हलत नाही त्या जागेचं. थांबताना क्रँक दरवेळी तळाशी जाऊन बसायचा, कारण पायडलचं वजन त्याला खाली ओढतं. मग दरवेळी वाकून चाक हातानं फिरवा. फ्लायव्हील, म्हणजे पायडलनं फिरणारं जड चाक, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) आहे, म्हणून त्याच्या कडेला चुंबक चिकटवून जागा शोधली: एक चुंबक लाव, चाक सोड, कुठे थांबतं ते खडूनं नोंदव. सहा चुंबकांवर क्रँक माथा जरासा ओलांडून थांबायला लागला. तेवढ्याच वजनाची लोखंडी पट्टी तिथे बोल्टानं आवळली. आता पाय ठेवला की लेथ चालू होतो, दोन्ही हात मोकळे.

तरीही दहा मिनिटांत पोटऱ्या भरून यायच्या. उत्तर आईनं दिलं. ती सध्या इथे आली आहे. पायमशीनवर तिनं तीस वर्षं गावाची पोलकी शिवलीत. शेडमध्ये येऊन थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, पायडल वर येतंय तेव्हा तू त्याच्यावर उभा का राहतोस? त्याला येऊ दे की." शिलाई मशीनला टाच आणि चवडा आलटून पालटून दाबता येतो, चाकाला दोन्हीकडून जोर मिळतो. लेथचं पायडल फक्त खाली जाताना काम करतं. वर आणतं ते फ्लायव्हील. म्हणजे मी अर्धा फेरा जोर लावत होतो आणि उरलेला अर्धा फेरा ब्रेक. पाय नुसता टेकवून वर येऊ द्यायला शिकायला आठ दिवस गेले.

माणूस बराच वेळ टिकवू शकतो तो जोर साधारण ७५ ते १०० वॉट. त्यामुळे धारेत हयगय चालत नाही. कार्बाइडच्या टूलला वेग लागतो आणि मागे दणकट मोटर. इथे ते नुसतं घासतं. एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल, वरचा उतार चांगला १५ अंशांचा, टोकाची गोलाई अगदी कमी, आणि शेवटी तेलाच्या दगडावर धार. माझ्या पायाला मिनिटाला ६० वेळा पायडल मारणं जमतं, पट्ट्याच्या मधल्या पायरीवर जॉबचे साधारण ३०० फेरे होतात. २० मिलीमीटरच्या बारला हा वेग मिनिटाला १९ मीटर पडतो. एचएसएसला सोसेल असा. अर्ध्या मिलीमीटरचा कट घेतला तर कीस लांब, वेटोळा आणि कोमट निघतो. टूल बोथट होऊ लागलं की डोळ्यांआधी मांडीला कळतं. पार्टिंग (जॉब कापून वेगळा) करताना एकदा टूल स्टीलमध्ये रुतलं. पायडल जड झालं, पट्टा घसरला आणि चाक थांबलं. टूल शाबूत, जॉब शाबूत. मोटर असती तर टूलचा तुकडा उडाला असता.

पुढचं काम चकच्या बॅकप्लेटचं, म्हणजे जॉब पकडणारा चक ज्या तबकडीनं स्पिंडलला, लेथच्या फिरत्या दांड्याला, बसतो तिचं. स्पिंडलच्या नाकाचा व्यास सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे १⅛ इंच, आणि इंचाला ९ आटे. लीडस्क्रू ८ चा, म्हणून ४० दातांचा गिअर चालवणाऱ्या बाजूला आणि ४५ दातांचा स्क्रूवर. गिअर सोडवायचे नाहीत. दर कटनंतर टूल मागे घेऊन चाक उलटं फिरवत परत यायचं. बिडात आतून आटे पाडताना पायडल इतकं सावकाश कसं मारायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनी जरूर लिहा. बिडाचा ठोकळा आणून ठेवला आहे, फेसिंग (पुढची बाजू सपाट करणं) परवा करतो.