उजव्या गालातली कळ

परळच्या एका सेंटरवर मी एमआरआय टेक्निशियन आहे. सोमवारच्या गर्दीत त्या मावशी आल्या, उजव्या गालावर पदर धरून. त्या गालात सणकन कळ जायची. दात घासताना, घास चावताना, लोकलच्या दारातला वारा लागला तरी. दाढेचं दुखणं समजून कुणीतरी एक दाढ उपटलीही होती. कळ होती तिथेच. न्यूरोसर्जननी फॉर्मवर लिहिलं होतं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, नसेवर रक्तवाहिनीचा लूप आहे का पाहा. म्हणजे चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचं दुखणं.

मंगळसूत्र, जोडवी, चमकी बायका आठवणीने काढतात. बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना मात्र हमखास विसरतात, आणि आमचं दीड टेस्लाचं मॅग्नेट पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. मावशींच्या बांगड्यांतून तीन पिना निघाल्या.

एमआरआयमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या प्रकारची चित्रं घेतात. त्यातल्या टी-टूवर पाणी पांढरं दिसतं. त्यात मेंदूच्या खोडाच्या उजवीकडची पाण्याची जागा डावीपेक्षा ऐसपैस वाटली, खोड किंचित दबलेलंही. टी-वनवर चरबी पांढरी आणि पाणी काळं. तिथे ती जागा काळीच, आजूबाजूच्या पाण्यात मिसळून गेलेली. एवढ्यावर कुणीही अरॅक्नॉइड सिस्ट म्हणेल, म्हणजे पातळ पडद्याच्या पिशवीत साठलेलं पाणी.

मग फ्लेअर. हे टी-टूच, फक्त मेंदूभोवतीच्या पाण्याचा सिग्नल त्यात मुद्दाम दाबलेला असतो. ती जागा पूर्ण काळी पडायला हवी होती. दिसली मळकट राखाडी. पण त्या भागातलं पाणी हृदयाच्या ठोक्यागणिक हलतं आणि फ्लेअर तिथे नेहमीच फसवतं, त्यामुळे नुसत्या राखाडीवर माझा विश्वास बसेना. रेडिओलॉजिस्ट मॅडमना हाक मारली.

"डिफ्युजन झालं?"

"शेवटी ठेवलंय मॅडम. टेबल हादरतं, त्यांना कळ येते."

"घे आता."

माइकवर म्हटलं, "मावशी, दोनेक मिनिटं मोठा आवाज येईल. दात आवळू नका. त्रास झाला तर हातातला फुगा दाबा."

"कर बाबा एकदाचं."

ती जागा स्क्रीनवर पांढरीफटक उजळली. शेजारचं खरं पाणी काळं. डिफ्युजन पाण्याच्या रेणूंची हालचाल पकडतं: मोकळे फिरणारे रेणू सिग्नल गमावतात, अडकलेले राखून ठेवतात. दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता माणूस जेवढा हलू शकतो, तेवढेच ते रेणू हलत होते. पाण्याच्या पिशवीत असं होत नाही. ही एपिडर्मॉइड गाठ होती. गर्भ घडताना त्वचेच्या पेशी आत अडकून राहतात, त्यांचा केराटिन वर्षानुवर्षं थरावर थर साचत जातो. एडीसी नकाशावर, म्हणजे टी-टूचा प्रभाव वगळून फक्त रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या चित्रावर, मात्र ती ताज्या पक्षाघातासारखी काळीभोर नव्हती, साधारण मेंदूइतकीच करडी. म्हणजे पांढरेपणात टी-टूचाही वाटा होता. हे पाहायला नकाशा उघडावाच लागतो. नुसतं पांढरं दिसलं की पक्षाघात म्हणून मोकळे होणारे मी पाहिलेत.

शेवटी सिस, अगदी पातळ कापांचं, नसा पाहण्यासाठीचं. त्यात गाठीच्या खडबडीत कडा दिसल्या आणि तिच्या विळख्यातली उजवी ट्रायजेमिनल नसही. लूप कुठेच नव्हता.

"काय दिसलं रे?" बांगड्या चढवता चढवता मावशींनी विचारलं.

"रिपोर्ट मॅडम लिहितील, मावशी. संध्याकाळी न्या, आणि दाखवायला उशीर करू नका."

ऑपरेशननंतर त्या फॉलो-अपला आमच्याकडेच आल्या. कळ गेली होती, भाकरी चावून खात होत्या. गाठ काढलेल्या जागेत आता खरंच पाणी भरलं होतं, त्यामुळे टी-टूवर पुन्हा सगळं पांढरं. या वेळी मी डिफ्युजन आधीच घेतलं. सर्जननी नस दुखावू नये म्हणून तिला घट्ट चिकटलेला पापुद्रा मुद्दाम सोडला होता. तेवढीच एक बारीक पांढरी रेघ उरली होती. मॅडमनी ती मोजली आणि रिपोर्टात पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन करायला लिहिलं.